आतल्या खिळ्यावरची चप्पल

नऊ दिवस मी एका गावात दारोदार फिरले आणि नऊ दिवस मला एकच उत्तर मिळालं. "आमच्यात न्हाय कुणाला. पलीकडं इचारा."

मी कोल्हापुरात फार्मसी कॉलेजात शिकवते. औषधं शिकवते. माणसांशी माझं फारसं जमत नाही. तोंड फाटकं आहे असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. तर मागच्या वर्षी आमच्या विभागप्रमुख सरांनी माझ्या टेबलावर एक जाहिरात आणून ठेवली. अपस्मारावर, म्हणजे आपल्या साध्या भाषेत फीट येण्यावर, संशोधन करणाऱ्यांसाठी अनुदान. लहान कॉलेजांना, नव्या लोकांना प्राधान्य. "मधुमेहाला अर्जांची रांग लागते, बाई. ह्या आजाराकडं कुत्रं फिरकत नाही. टाका अर्ज," सर म्हणाले.

टाकला. विषय साधा होता: खेड्यात ज्यांना फीट येते त्यांना गोळी मिळते का, आणि मिळाली तर ते मधेच का सोडतात. दोन वर्षांचं काम. त्यात एक गोष्ट मी हट्टानं घातली होती. पैसे आल्यापासून डॉक्टर आणि गोळ्या महिन्यातून एकदा गावातच येणार, फुकट. पहिली चाळणी पार पडली. मग समितीचं पत्र आलं की आधी एका गावात घरोघर विचारून या, असे रुग्ण आहेत हे दाखवा, नंतर मुलाखत घेऊ. रुग्ण नाहीत तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर गोळ्या नाहीत. इतकं सरळ होतं ते.

गाव नेसरीच्या पलीकडचं. कॉलेजच्या सुट्टीत मी नेसरीत एक खोली घेऊन राहिले. गावातल्या आशाताई माझ्याबरोबर फिरायला तयार झाल्या. तिशीतली बाई, आरोग्य खात्याचं काम करणारी, गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची तारीख जिच्या तोंडावर. स्कूटी त्यांची, पण चालवायची मी. दुसऱ्याच्या मागं बसून जायला मला जमत नाही, हाही स्वभावच.

प्रत्येक घरात एक लाल प्लास्टिकची खुर्ची बाहेर यायची. पदरानं पुसून पुढं केली जायची. "बसा, पावणं." आमच्या आईला खुर्चीचं वावडं, आजही मी माहेरी गेले की "खाली बस, खाली बस" म्हणून मागं लागते. त्यामुळं ह्या खुर्चीच्या मानाचं मला कौतुकच वाटायचं. मी बसायची, कागद काढायची, मोबाइलवर आवाज नोंदवायची परवानगी घ्यायची आणि विचारायची, "घरात कुणाला फीट, फेफरं, मिरगी येतं का?" समोरची बाई माझ्याकडं न बघता म्हणायची, "आमच्यात न्हाय कुणाला. पलीकडं इचारा."

पलीकडं विचारलं की ती आणखी पलीकडं पाठवायची. एका गल्लीत अशी मी टोकापर्यंत गेले, आणि टोकाच्या घरातल्या बाईनं हात लांब करून पहिल्या घराकडं बोट दाखवलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. दुपारची वेळ, गल्लीत माणूस नाही, आणि प्रत्येक दारात एक बाई उभी राहून आम्ही कुठं वळतो ते बघत होती.

तिसऱ्या दिवशी मला तो वास यायला लागला. जुन्या, तेल प्यालेल्या कातड्याचा वास. काही घरांत उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच यायचा, काहींत प्रश्न विचारता विचारता. मी इकडंतिकडं बघू लागले, आणि मग मला ती दिसली. माजघराच्या दारामागं, आतल्या बाजूला, खिळ्यावर टांगलेली एकच चप्पल. दुसऱ्या घरात तशीच. चार घरं सोडून पुन्हा तशीच.

"दृष्टीसाठी आसतीय," ताई म्हणाल्या, जरा घाईनंच.

दृष्टीसाठी चप्पल टांगतात हे मलाही ठाऊक आहे. पण ती बाहेर टांगतात. घराच्या कपाळाला, गाडीच्या मागं. दृष्ट बाहेरून येते, मग चप्पल आत कशाला? आणि तीही इतकी खाली, की जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचावा? एका घरात बाई पाणी आणायला गेली तेव्हा मी वाकून बघितलं. तळ मुळीच झिजला नव्हता. कड मात्र हाताळून हाताळून गुळगुळीत झाली होती. ती चप्पल पायात कुणी घातलीच नव्हती.

फीट आली की नाकाला चप्पल धरतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी वर्गात दर वर्षी सांगते की त्यानं काही होत नाही. फीट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि नाव चपलेचं होतं. पण लोक धरतात. तेव्हा मला कळलं की जिथं जिथं खिळा आहे तिथं तिथं कुणीतरी आहे. मी गल्लीतून चालताना खिळे मोजू लागले. बायका "न्हाय" म्हणत होत्या आणि त्यांच्या पाठीमागं दाराआड ती चप्पल असायची. माझ्या फॉर्मात खिळ्यासाठी रकाना नव्हता.

नवव्या दिवशी माझा तोल सुटला. एका घरात "न्हाय" ऐकलं आणि मी सरळ बोट दाखवलं, "मग ती चप्पल कशाला ठेवलीय?" त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं खुर्ची आत नेली आणि दार लावून घेतलं. मी अजून उंबऱ्याशीच उभी होते.

ताई माझ्यावर तडकल्या. "मॅडम, लग्नाची पोरगी हाय त्या घरात. तुमी जाशीला कोल्हापूरला. तिनं कुठं जायाचं?"

मला लाज वाटली. रागही आला, तिचा, माझा, सगळ्यांचाच. त्या रात्री खोलीवर अंथरुणावर पडले तर तोच कातड्याचा वास. कपडे बदलले, केस धुतले, तरी आला. म्हटलं, वास अंगाला चिकटलाय.

दहाव्या दिवशी ठरवलं होतं की आजचा शेवटचा दिवस. सरांना सांगायचं, गाव रिकामं निघालं. ओढ्याकडच्या एका घरात एक आज्जी आणि तिची सून होती. शिरतानाच खिळा बघितला. चप्पल जागेवर होती. सुनेनं चहा आणून ठेवला, वाफ येत होती. मोबाइल चालू केला, प्रश्न विचारला. आणि आज्जीनं तिथल्या तिथं, अगदी सहज सांगितलं, "व्हय. माझ्या सुनेला हाय. लिवा."

मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते. दहा दिवसांनी पहिलं "व्हय"! भराभर लिहायला लागले. लिहिताना दोन-तीन गोष्टी खटकल्या, पण आनंदात मी तिकडं बघितलं नाही. ती चप्पल आता सुनेच्या हातात होती, आणि तिनं ती कधी काढली ते मला दिसलं नव्हतं. आज्जीचा हात माझ्या गुडघ्यावर होता. चहा तोंडाला लावला तर कोमट, वर साय धरलेली. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, माझ्या चिकाटीनं भारावून गेल्या असतील. काय हा माझा शहाणपणा!

बाहेर पडल्यावर ताईंनी हात पुढं केला. "चावी द्या मॅडम. आजपास्नं गाडी मी चालवनार."

"का?"

"माझी गाडी हाय," त्या म्हणाल्या. मी चावी दिली.

अकराव्या दिवसापासून गाव बदललं. खुर्ची एकाही घरातून बाहेर आली नाही. घोंगडं अंथरलं जायचं, भिंतीशी. "खाली बसा, बाई. हितं बसा." चूल पेटलेली असली की मला हाताला धरून लांब बसवायच्या. विहिरीवरून जाताना कुणी ना कुणी म्हातारी न बोलता माझ्या आणि विहिरीच्या मधून चालायची. ज्या बाईनं तोंडावर दार लावलं होतं तिनंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्या हळू बोलायच्या, घरात कुणी निजलं असावं तशा. एकीनं जाताना माझी हनुवटी पदरानं पुसली. मी चिडून मागं सरकले, तर ती नुसती हसली. आणि मी विचारायच्या आत सांगायला लागायच्या. थोरल्या पोरीला. धाकट्या जावंला. मला सोताला, बाई, लग्नाच्या आदीपास्नं; मालकास्नी ठाव न्हाय.

माझे फॉर्म संपले. नेसरीहून झेरॉक्स काढून आणले. निघायच्या दिवशी त्या सगळ्या ओढ्याकडच्या घरी जमल्या आणि मी शब्द दिला की पैसे आले की गोळ्या इथं येतील, ह्याच घरात. आज्जी म्हणाली, "तुमी येनार न्हवं? मग बास."

खरं सांगू? इतकी माया मला कुणी केली नव्हती, आणि मला त्या मायेची भीती वाटत होती. का, ते कळत नव्हतं.

कोल्हापूरला आले, अहवाल पाठवला. आठवड्याभरात समितीचा उलटा प्रश्न आला. नऊ दिवस एकही रुग्ण नाही आणि दहाव्या दिवसापासून घरोघर रुग्ण, हे कसं? मुलाखतीत खुलासा करावा. भाषा सभ्य होती, पण अर्थ स्वच्छ होता: आकडे घरी बसून भरलेत काय?

"सांगा की, विश्वास संपादन केला," सर म्हणाले.

"पण मी केला नाही सर. मी त्यांच्यावर ओरडले होते."

दहाव्या दिवशी काय झालं ते आधी मलाच कळायला हवं होतं. त्या दुपारी कॉलेजच्या प्राध्यापक खोलीत कुणी नव्हतं. मी कानाला हेडफोन लावले आणि दहाव्या दिवसाचं ध्वनिमुद्रण सुरू केलं.

आधी माझा आवाज, परवानगी मागणारा. आज्जी हसली. कपबशी ठेवल्याचा आवाज. मग मी: "आज्जी, घरात कुणाला फीट, फेफरं..."

आणि माझा आवाज थांबला.

मला वाटलं मोबाइल बिघडला. पण मागं कोंबडी ओरडत होती, ओढ्यावर कुणी धुणं आपटत होतं. मग एक आवाज सुरू झाला. चप, चप, चप. तोंडात काही नसताना कुणी चघळत असावं तसा.

"काय खाताय वं बाई?" आज्जीचा आवाज. उत्तर नाही. चप, चप.

"मॅडम? मॅडम, ओ मॅडम!" ह्या ताई.

"हलवू नगा. यील आपसूक." मग आज्जीच, जरा मोठ्यानं, "चप्पल आन गं." अनवाणी पावलं गेली, आली. कुणीतरी जवळ सरकलं, कारण श्वास ऐकू येत होता. संथ, जड श्वास. तो माझा होता. मग आज्जी हलक्या आवाजात म्हणाली, "हिलाबी हाय की गं. आपल्यातलीच हाय. आनी बिचारी आपल्याला इचारत फिरतीया."

पुढं बराच वेळ नुसता तो श्वास. मी घड्याळाकडं बघत राहिले. तीन मिनिटं गेली. मग माझा आवाज आला, अगदी स्वच्छ, जिथं तुटला होता तिथूनच, "...मिरगी येतं का?"

"व्हय," आज्जी म्हणाली. "माझ्या सुनेला हाय. लिवा."

मी हेडफोन काढले. समोर फळा, टेबल, कुणाचा तरी डबा. मी मेंदूवरच्या औषधांचं पुस्तक दर वर्षी शिकवते. कुठल्या फीटमध्ये माणूस पडत नाही, नुसता गोठतो, ओठ चाळवतो, आधी त्याला नसलेला वास येतो, हे परीक्षेत विचारते. वास! माझा हात आपोआप नाकाकडं गेला. तो वास त्या गावातला नव्हता. तो मला वर्गात यायचा, बसमध्ये यायचा, कित्येक वर्षं यायचा, आणि मी म्हणायची, दमलेय. काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी तिथं बसून रडले, भडाभडा, दार लावायचंही सुचलं नाही.

ताईंना फोन केला. "सांगितलं का नाही मला?"

ताई म्हणाल्या, "तुमास्नी म्हाईत आसंल आसं वाटलं, मॅडम. लपवताय म्हनून गप्प ऱ्हायलो आम्ही. दुसऱ्यानं झाकल्यालं आपन कशाला उगडायचं?"

सगळ्या गावानं माझं गुपित जपलं होतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. आणि आपली गुपितं मात्र त्यांनी एकेक करून माझ्या हातात दिली होती.

मेंदूच्या डॉक्टरांकडं गेले. डोक्याला तारा लावून तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. माझी स्कूटर मी पुतण्याला देऊन टाकली. सरांना सांगितलं तेव्हा ते दारापर्यंत जाऊन बाहेर कुणी आहे का ते बघून आले. "समितीला हे सांगू नका. बाई माणूस, कायम नोकरी... उद्या कुणी म्हणालं वर्गात कशी शिकवते, तर? विश्वास संपादन केला, एवढंच म्हणा." ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझी खुर्ची मात्र नकळत जरा मागं, खिडकीपासून लांब ओढली.

मुलाखत संगणकावर होती. पाच चेहरे, इंग्रजी प्रश्न. तो प्रश्न आलाच. दहाव्या दिवशी काय घडलं? सरांनी सुचवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मला ओढ्याकडचं घर दिसलं, घोंगड्यावर बसलेल्या त्या बायका दिसल्या. हे वाक्य म्हणजे "पलीकडं इचारा" एवढंच होतं, फक्त इंग्रजीत.

"ऐकवते," मी म्हटलं.

ध्वनिमुद्रण लावलं. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मी एकेक वाक्य सांगत गेले. काय खाताय. हलवू नका. चप्पल आण. हिलाही आहे, आपल्यातलीच आहे. मग तो नुसता श्वास सुरू झाला आणि भाषांतर करायला काही उरलं नाही. पाचही चेहरे हलेनात. मीही माझाच श्वास ऐकत बसले, जिथं मी नव्हते त्या तीन मिनिटांतला.

संपल्यावर एका वयस्कर सदस्यांनी विचारलं, "मधेच गप्प होते ती बाई कोण?"

"मी," मी म्हटलं.

अनुदान मंजूर झालं. ओढ्याकडच्या घरात आता महिन्यातून एकदा डॉक्टर बसतात. ताई यादी वाचतात. यादीत पहिलं नाव माझं आहे. ते मीच घालायला लावलं.

पण प्रत्येक नावामागं एक फॉर्म लागतो, घरच्या थोरल्या माणसानं सांगितलेली माहिती. पहिली फीट कधी आली, घरात आणखी कुणाला आहे का. माझ्यासाठी ते माणूस म्हणजे आई. ती कागलजवळच्या गावात, आमच्या जुन्याच घरात, भावाकडं असते. भाऊ तिथल्या एमआयडीसीत कामाला, वहिनी शाळेत. घरात दुपारी ती एकटी. मी फॉर्म घेऊन गेले.

स्वयंपाकघराच्या दारामागं, आतल्या बाजूला, खालच्या खिळ्यावर एक चप्पल आहे. मी शाळेत असल्यापासून ती तिथं आहे. घराला दोनदा रंग दिला, दार बदललं, खिळा आणि चप्पल तिथंच. ती मी हजारदा बघितली असेल आणि एकदाही बघितली नव्हती.

मोबाइल चालू केला. इतरांना विचारते तसंच विचारलं, नातं मधे न आणता. "घरात कुणाला फीट, फेफरं, मिरगी येतं का?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. पदर सारखा केला. "आमच्यात न्हाय कुणाला," ती म्हणाली. आणि मग शेजारच्या भिंतीकडं मान करून, "पलीकडं इचार की."

"आई, मला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात."

तिनं पुन्हा पदर सारखा केला.

"दृष्ट बाहेरून येते आई. चप्पल आत का लावलीस?"

ती उठली. मला वाटलं आत निघून जाईल, दार लावून घेईल. माझ्या अंगात तोच जुना राग चढायला लागला. किती वर्षं, कुणासाठी, माझं मला का सांगितलं नाहीस, असं सगळं ओरडायचं होतं. वास यायला लागला तेव्हा तो त्या चपलेचा आहे की माझा, ते मला कळेना. मी भावाच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसायला लागले.

आईनं झपकन माझं मनगट धरलं. सत्तरी उलटलेली बाई, पण पकड अशी की सोडवता येईना. दुसऱ्या हातानं तिनं कोपऱ्यातलं घोंगडं ओढलं, भिंतीशी अंथरलं, गॅसपासून लांब. मग चपलेच्या खिळ्याकडं एकदा बघितलं, हात पोचतो का ते.

"खाली बस," ती म्हणाली. "खाली बस, बाळ."

मी बसले. फॉर्ममध्ये तिच्या उत्तराच्या रकान्यात लिहिलं, होय.